बाड्यामागचं टेबल

जून १९८८, दुपारचे तीन. ग्वाल्हेरमधल्या लष्करच्या रस्त्यांवर लू सुटली आहे आणि तुम्ही सायकलरिक्षात, मांडीवर चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर सांभाळत बसला आहात. निंबाळकर की गोठ मागे पडली. रिक्षा खड्ड्यात आदळली की तुमचा हात आपोआप यंत्राच्या पोटाखाली जातो. यंत्र नॅशनलचं आहे, आत्याच्या दिरांनी दुबईहून आणलेलं, पण जीव टांगणीला लागलाय तो आत अडकलेल्या कॅसेटीसाठी. गेल्या महिन्यातल्या मुंजीची कॅसेट, एकच प्रत. काल रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा यंत्रानं जराशी घरघर केली आणि स्वतःच बंद पडलं. बटण दाबून दाबून अंगठा दुखला, कॅसेट काही बाहेर येईना.

बाड्यावर उतरून टाऊन हॉल आणि व्हिक्टोरिया मार्केट उजेडात डोळे बारीक करून ओलांडता आणि मागच्या गल्लीतला जिना चढता. वर एक खोली. खसच्या कूलरचा ओला वास आणि सोल्डरिंगच्या राळेचा धूर एकमेकांत मिसळलेला. भिंतीला लागून झाकणं काढलेले टीव्ही, स्टॅबिलायझर, एक जुना वाल्वचा रेडिओ. टेबलामागं बसलेल्या गृहस्थांना गल्लीतले सगळे दादा म्हणतात. म्हणून तुम्हीही म्हणता.

"कॅसेट आतच आहे ना? आणि तुम्ही परत परत बटण दाबलंत."

"दाबलं, दादा."

"आता नका दाबू. टेप ड्रमला गुंडाळलेली असेल. जोर लावला तर तुटेल."

कॉलेजच्या सुट्टीत काम शिकायला येणारा एक मुलगा स्क्रू काढून बाटलीच्या झाकणात ठेवतो. वरचा पत्रा निघतो आणि तुम्ही पहिल्यांदा व्हीसीआरचं आतलं बघता. घरी ज्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असतो, त्या काळ्या पेटीत एवढ्या हालचालींची तयारी असेल असं वाटलं नव्हतं. मधोमध तिरका बसवलेला चकचकीत ड्रम, त्याच्या दोन बाजूंना खाचांतून पुढं-मागं सरकणारे खांब, कडेला पितळी दाते आणि रबराचे पट्टे. कॅसेट आत जाते, तिचं दार वर उचललं जातं, खांब टेपला बाहेर ओढतात आणि ड्रमभोवती वळसा घालून धरतात. हे सगळं दर वेळी तुमच्या 'प्ले'च्या बटणामागं होत असतं.

दादा मुलाला खिडकी लावायला सांगतात. एवढ्या उकाड्यात का, ते तुम्हाला कळत नाही. ते बोटानं दाखवतात. कॅसेटच्या पोटात मधोमध एक भोक असतं आणि यंत्रातून वर आलेला एक बारीक दिवा त्यात शिरतो. टेपच्या दोन्ही टोकांना काही अंतर पारदर्शक पट्टी जोडलेली असते. ती आली की दिव्याचा उजेड आरपार जाऊन बाजूच्या डोळ्यावर पडतो आणि यंत्र समजतं, टेप संपली, थांबा. झाकण उघडं असताना खिडकीतलं ऊन त्या डोळ्यावर पडलं की यंत्राची तीच समजूत होते. चांगला चालणारा व्हीसीआरही उघड्यावर मुकाट बसतो. नवशिका मग निरोगी मोटर बदलतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे घालवतो.

खोलीत अंधार. मुलगा टॉर्च धरतो. दादा लोडिंग मोटरची चकरी तर्जनीनं फिरवू लागतात, एका वेळी एक नखभर. खांब हळूहळू मागं येतात आणि त्यांच्याबरोबर टेपचा सैल झोळ. झोळ तसाच राहिला तर कॅसेटच्या दारात चिमटेल, म्हणून दुसऱ्या हातानं ते कॅसेटची चक्री फिरवून तो आत घेत राहतात. दोन हात, दोन वेग, आणि डोळा फक्त टेपवर. तुम्ही घाम पुसायलाही विसरला आहात.

कॅसेट बाहेर येते. टेपवर वीतभर लांबीत खालच्या कडेला सुरकुती पडली आहे. दादा भिंग लावून बघतात.

"खालची कड दुखावली आहे. वरची शाबूत. म्हणजे आवाज वाचला."

तुम्ही विचारता, कडेचा आणि आवाजाचा काय संबंध? त्यांचं उत्तर नीट ऐका, पुढं बऱ्याच वर्षांनी ते उपयोगी पडणार आहे. टेपच्या रुंदीत तीन गोष्टींची राहायची ठिकाणं ठरलेली असतात. मधल्या मोठ्या भागात चित्र. वरच्या कडेला, एका अरुंद पट्टीत, आवाज. खालच्या कडेला ठरावीक अंतरावर मारलेल्या खुणा, ज्यांच्या आधारानं यंत्र चित्राच्या रेघा शोधतं. आवाज आणि खुणा वाचणारं हेड जागचं हलत नाही. चित्र वाचणारी दोन बारीक हेडं मात्र ड्रमवर समोरासमोर बसवलेली असतात आणि ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. टेप सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. हेडं तिच्यावर तिरक्या रेघा ओढत जातात, प्रत्येक रेघ ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहून बारीक. ही तिरकी युक्ती नसती आणि स्थिर हेडनंच चित्र लिहायचं असतं, तर टेप सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगानं पळवावी लागली असती. तीन तासांच्या कॅसेटीत सुमारे अडीचशे मीटर टेप असते. ती मिनिटभरात संपली असती. अमेरिकेतल्या अ‍ॅम्पेक्स कंपनीनं १९५६ मध्ये फिरत्या हेडांचा रेकॉर्डर बाजारात आणला तेव्हा तो कपाटाएवढा होता. जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं तेव्हा तीच मूळ कल्पना तुमच्या मांडीवर मावेल एवढी झाली होती.

दोष बेल्टचा निघतो. लोडिंगचा रबरी बेल्ट ताणून सैल झालाय, मोटर फिरते पण खांब सरकत नाहीत. नवा बेल्ट दिल्लीहून, लाजपत राय मार्केटमधून यायचा. ग्वाल्हेरहून पार्टसाठी दिल्लीला माणसं जातातच. याच वर्षी नवी दिल्ली ते झाशी पहिली शताब्दी धावणार आहे, रेल्वेमंत्री आपलेच माधवराव शिंदे, आणि बाड्यावरचे मेकॅनिक त्या गाडीचा हिशेब आतापासून पार्टच्या भाषेत करताहेत. पण तुम्हाला आज रात्री कॅसेट लावायची आहे, कारण मुंजीसाठी आलेले पुण्याचे काका उद्या निघतात. दादा मुलाला हाक मारतात. स्टोव्हवरच्या चहाच्या भांड्यात पाणी उकळतं, बेल्ट त्यात पडतो, आणि काही मिनिटांनी निघतो तेव्हा थोडा आकसलेला असतो. "महिनाभर चालेल. तोवर नवा आणून ठेवतो." टेप दाबून धरणारा रोलर गुळगुळीत झालाय, त्याला बारीक पॉलिश पेपरानं खरखरीत केलं जातं.

मग हेड. कोऱ्या कागदाची घडी स्पिरिटमध्ये भिजवून दादा ड्रमच्या अंगाला टेकवतात आणि तिथंच स्थिर धरतात. फिरवतात तो ड्रम, दुसऱ्या हाताच्या बोटानं, वरच्या कडेला धरून, सावकाश. कागद वर-खाली केला तर हेडचं टोक तुटतं आणि मग दिल्लीला जाऊनही स्वस्तात सुटका नाही. कागदावर तपकिरी रेघ उमटते. ती टेपवरून खरवडलेली लोहभुकटी आहे, कुणाच्या तरी लग्नाचं, कुठल्या तरी सिनेमाचं, भाड्याच्या कॅसेटींचं एकत्र झालेलं काजळ.

आधी दादा स्वतःची एक जुनी कॅसेट लावतात. गिऱ्हाइकाची कॅसेट पहिल्यांदा कधीच नाही, हा त्यांचा नेम. ती धड चालली, तेव्हा तुमची. सुरकुतीच्या जागी चित्र लोळतं, पडदाभर मुंग्या येतात. पण त्या मुंग्यांमधून तुमच्या आजोबांचा आवाज स्वच्छ येत राहतो. मांडवात बसून ते बटूला सांगताहेत की आपली माणसं शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडं आली, दौलतरावांनी १८१० च्या सुमारास इथं तळ दिला आणि तळाचंच गाव झालं, म्हणून याला लष्कर म्हणतात. हिंदीच्या हेलातली ती मराठी, मधेच कुणाला तरी पंखा इकडं फिरवा म्हणून दिलेली हाक, आणि मागं भांड्यांचा आवाज. मग चित्र स्थिर होतं.

या मराठीसाठीच तुम्हाला इथं आणलं. ग्वाल्हेरचं गाणं जपलं गेलं. कृष्णराव शंकर पंडितांचं गायन आकाशवाणीनं ध्वनिमुद्रित केलं. याच शहरात ते १९१४ पासून शंकर गांधर्व महाविद्यालयात शिष्य घडवत आले, आणि तुम्ही बाड्यावर उभे आहात त्या उन्हाळ्यात ते हयात आहेत, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जातील. १९६१ मध्ये इथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्याची नोंद ग्रंथांत आहे. पण चिटणीस की गोठीतल्या माजघरात, फालका बाजारातल्या दुकानामागच्या खोलीत जी मराठी बोलली जात होती, तिच्यासाठी कुणी मायक्रोफोन घेऊन आलं नाही. ती टिकली तर मुंजींच्या, लग्नांच्या, डोहाळजेवणांच्या कॅसेटींत टिकली, आणि तीही कुणी मुद्दाम जपली म्हणून नव्हे. कॅमेरावाला वऱ्हाडी टिपत होता आणि माणसं मधे मधे बोलत होती. कवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये याच शहरात वारले. त्यांच्या शेजारघरी तेव्हा असं काही यंत्र असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पाच-सहा वर्षं मागं वळून बघायचं तर १९८२ कडे बघा, आशियाई खेळांचं वर्ष. दूरदर्शन रंगीत झालं आणि बाहेरून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागला. एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमे भाड्यानं आणायचे, गल्लीनं वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत बघायचं. याच रात्रींनी दादांसारख्यांना शिकवलं. भाड्याचं यंत्र रोज नव्या वीजदाबावर चालायचं, रिक्षांतून आदळायचं, घासलेल्या कॅसेटी खायचं. बिघाड भरपूर आणि माहितीपुस्तक एकही नाही, म्हणून हातानं बघत बघत नकाशा तयार झाला.

आता पुढं. १९९९. तोच जिना, टेबलावर आता ट्यूबलाइटखाली कॅमेरे जास्त. लग्नसराईत पॅनासॉनिकचे खांद्यावरचे एम-३००० आणि एम-९००० गल्लीगल्लीत फिरताहेत, पुढं सनगनचा झगझगीत उजेड, मागं वायर उचलून धरणारा मुलगा, आणि त्या उजेडात डोळे मिटून घेणारी नवरी. हे कॅमेरे मजबूत आणि मोठ्या अंगाचे, आतला प्रत्येक भाग बोटांना सापडणारा. तुम्ही मात्र वेगळंच घेऊन आला आहात. अमेरिकेतल्या मामांनी जाताना मागं ठेवलेला हाय-एट हँडीकॅम, तळहाताएवढा. आधीची अडचण अशी की तो आपल्या टीव्हीला जोडला तर चित्र काळंपांढरं आणि सरकतं, कारण तो एनटीएससी, सेकंदाला तीस चित्रांचा, आणि आपला टीव्ही पाल, पंचविसांचा. त्यावर दादांनी दोन्ही पद्धती चालवणारा टीव्ही सुचवून निभावून नेलं होतं. आता त्याचा व्ह्यूफाइंडर अंधारा झालाय.

तो मुलगा, आता तिशीतला, आता त्यालाच सगळे भाऊ म्हणतात, कॅमेरा उघडतो. पाकळ्या सोडवाव्यात तशा एकावर एक बसवलेल्या पट्ट्या वेगळ्या होतात. सोल्डरिंगचं टोक एका कपॅसिटरला लागताच मासळीसारखा वास येतो. त्या वासावरूनच निदान झालं. नव्वदीच्या सुरुवातीच्या छोट्या कॅमेऱ्यांत पट्टीवर चपटे बसवलेले कपॅसिटर काही वर्षांनी पाझरतात. आतलं रसायन बाहेर येऊन तांब्याच्या वाटा खात सुटतं. व्ह्यूफाइंडर जातो, रंग जातो, आवाज जातो. भाऊ एकेक कपॅसिटर उपटून काढतो, पट्टी स्पिरिटनं धुतो, खाल्लेल्या वाटेवर केसासारखी तार जोडतो. दादा बाजूच्या खुर्चीत, चष्मा कपाळावर. इतकं लहान काम आता त्यांच्या डोळ्यांना झेपत नाही. पण वास आला तेव्हा मान आधी त्यांनीच हलवली होती.

पुढची हजेरी डिसेंबरात, २००६. हजिऱ्याला, महंमद गौसांच्या मकबऱ्याच्या आवारात, तानसेनच्या समाधीजवळ सकाळचं धुकं आहे. १९२४ पासून इथं उरुसाच्या रूपात गाणं होत आलंय, आणि तानसेन समारोहाची सुरुवात रिवाजाप्रमाणं शहनाईनं, ढोलीबुवा महाराजांच्या हरिकथेनं आणि मिलादनं होते. हरिकथा आणि मिलाद, एकाच सकाळी, एकाच समाधीपाशी. तुम्हाला ते टिपायचं आहे. कॅमेरा मिनीडीव्ही, रात्रभर गाडीच्या डिकीत पडून बर्फासारखा गार झालेला. पोचल्यावर ओळखीच्या घरी चहाला गेलात, आणि काळजीनं कॅमेरा सिगडीजवळ ठेवलात. पाच मिनिटांत पडद्यावर दवाची खूण लुकलुकू लागली आणि कॅमेऱ्यानं काम सोडलं.

मिनीडीव्हीचा ड्रम अवघा २१.७ मिलिमीटरचा आणि मिनिटाला ९००० फेऱ्यांचा. रेघ दहा मायक्रॉनची. त्या गार ड्रमवर खोलीतल्या ओलसर उबेचं पाणी धरलं की टेप चिकटते आणि फाटते, म्हणून कॅमेरा स्वतःच कुलूप लावून घेतो. तुम्ही भाऊला फोन लावता.

"ड्रायर लावू नका. टेप काढा, दार उघडं ठेवा, तासभर तसाच राहू द्या."

"तासभर? हरिकथा सुरू होईल हो!"

"मी दुसरा घेऊन येतो. तोवर आवाज तरी धरा. वॉकमनवर रेकॉर्डिंग होतं ना तुमच्या?"

होतं. तुम्ही तो घेऊन पळता. स्कूटरवरून भाऊ येतो तेव्हा त्याचा कॅमेरा पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधलेला आहे. थंडीतून उबेत शिरताना पिशवी बांधूनच शिरायचं, पाणी पिशवीवर धरतं, कॅमेरा आत हळूहळू गरम होतो. ग्वाल्हेरसारख्या गावात, जिथं उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि थंडीत पहाटे हात बधिर होतात, ही पिशवी कॅमेऱ्याच्या बॅगेत बॅटरीइतकीच हवी. माझ्या मते लग्नाच्या कॅमेरावाल्यांना सगळ्यात आधी शिकवण्याची गोष्ट हीच.

आणि आता आज. जिना तोच, कठडा नवा. दादा नाहीत. भाऊंची भाची खिडकीजवळ लॅपटॉप घेऊन बसते, आणि गिऱ्हाइकांपैकी निम्मी तिची. एक जोडपं आलंय, चेहरे उतरलेले. आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचं चित्रण, नव्या कॅमेऱ्यावर, ऐन शेवटी बॅटरी गेली. कार्डावर फाइल दिसते, कित्येक जीबीची, पण उघडत नाही. ती आधी एकच विचारते, त्यानंतर या कार्डावर काही शूट केलंत? नाही म्हटल्यावर तिचा चेहरा सैल होतो. ती कार्डाची हुबेहूब प्रत काढते, मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवते आणि प्रतीवर काम करते.

खेळ काय आहे ते बघा. अशा फाइलमध्ये चित्र-आवाजाचा सगळा माल आधी ओतला जातो, आणि कुठला तुकडा कुठं सुरू होतो याची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितात. वीज मधेच गेली की माल आहे, अनुक्रमणिका नाही. भाची त्याच जोडप्याला त्यांच्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर दोन मिनिटं काहीही शूट करायला लावते. त्या धडधाकट फाइलवरून रचना शिकून सॉफ्टवेअर मोडलेल्या फाइलची अनुक्रमणिका नव्यानं बांधतं. १९८८ च्या दुपारी खालची कड चुरगळलेली दिसली तेव्हा हरवल्या होत्या त्या खुणाच, चित्र नव्हे. इथंही तेच. तिनं मामांकडून हेच उचललंय, की आधी काय गेलंय आणि काय शाबूत आहे ते वेगळं करायचं.

सगळंच इतकं सरळ सुटत नाही. मोबाइल आता गोंदानं बंद केलेले येतात, उघडायला आधी तापवावे लागतात. बाईकच्या हँडलवर फोन लावून बनवलेल्या व्हिडिओंमुळे कॅमेऱ्यातली थरथर सावरणारी यंत्रणाच निकामी होऊ शकते. इंजिनाच्या कंपनांबद्दल अ‍ॅपलनं २०२१ मध्ये स्वतः इशारा दिला होता. अशा वेळी अख्खा कॅमेरा भाग बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. मला याची चीड येते. बेल्ट उकळून महिनाभर निभावणारी माणसं या गावात अजून आहेत, आणि त्यांच्यापुढं येणारी वस्तू दिवसेंदिवस अशी बनवली जाते की तिच्यात त्यांना हातच घालता येऊ नये.

दुसऱ्या कोपऱ्यात भाऊंचं राज्य. फळीवर मेलेले व्हीसीआर एकावर एक, प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं: ड्रम चांगला, मोटर चांगली, फक्त पट्टी. व्हीएचएसची यंत्रं बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. पार्ट मिळेनासे झाले म्हणून जुलै २०१६ मध्ये तिनं उत्पादन थांबवलं. आदल्या वर्षीसुद्धा साडेसात लाख यंत्रं विकली गेली होती. तेव्हापासून नवं यंत्र म्हणजे तीन जुन्यांतून एक. रबर मात्र नवं मिळतं. दिव्याची तपासणी भाऊ मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं करतात: टेपचं टोक ओळखणारा तो दिवा पुढच्या यंत्रांत अवरक्त झाला, डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका दिसला की समजायचं, जिवंत आहे. आणि व्हीएचएसचं चित्र संगणकात घ्यायला त्यांनी मिनीडीव्हीचा एक जुना कॅमेरा मधे जोडलाय. त्याची टेप चालवणारी यंत्रणा कधीच गेली. पण एका बाजूनं आलेलं जुनं चित्र डिजिटल करून दुसऱ्या बाजूनं द्यायचं काम तो अजून चोख करतो. काही मॉडेलांतच ही सोय होती. भाऊ तसे कॅमेरे भंगारातून शोधून आणतात.

तुम्ही माळ्यावरची पिशवी आणली आहे. भाऊ कॅसेटी जमिनीवर मांडतात, प्रत्येक खिडकीपाशी धरून उजेडात फिरवतात. दोन कॅसेटींच्या गुंडाळीवर पांढरी जाळी आहे, पावसाळ्यांची बुरशी. त्या वेगळ्या पिशवीत. बुरशीची कॅसेट चांगल्या यंत्रात घातली तर हेडावरून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते, म्हणून तिच्यासाठी एक हुकमी जुनं यंत्र बाजूला आहे आणि तोंडाला मास्क. बाकीच्या उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या, पूर्ण मागं गुंडाळून. घरी तुमच्याकडं आणखी असतील तर त्याही या पावसाळ्याआधी खाली काढा, आणि जुन्या व्हीसीआरमध्ये घालून 'जरा बघू' म्हणू नका. कडक झालेला रोलर पहिल्याच मिनिटात टेप चावतो.

"आता सांगा," भाऊ विचारतात, "यात सगळ्यात म्हातारं कोण बोलतंय?"

तुम्ही लेबलं वाचता. मुंज ८८. ताईचं लग्न. वास्तुशांत. आजोबांची मुंजीवाली कॅसेट तुम्ही पुढं सरकवता.

"ही माझ्या ओळखीची. हिची सुरकुती मीच टॉर्च धरून बघितली आहे. हिला वेळ लागेल, पण आवाजाची कड चांगली आहे, घाई नको. या तीन कुणाच्या?"

तीन कॅसेटींवर लेबल नाही. एकीवर पेनानं फक्त 'माधवगंज' असं पुसट लिहिलंय. आई म्हणाली होती, त्यात काही नसेल, टाकून द्या.

"कोण बोलतंय ते माहीत नाही, म्हणजे याच आधी," भाऊ म्हणतात.

भाची खुर्ची सरकवून येते. ती आवाजाची पातळी आधी लावते, चित्राची नंतर. पडद्यावर मुंग्या येतात, भरगच्च. मामा स्पिरिटची बाटली शोधत असतात तेवढ्यात हेडफोन कानाला लावून ती हात वर करते: "थांबा मामा, थांबवू नका. कुणीतरी बाई मराठीत पाककृती सांगताहेत. रेकॉर्डिंग चालू ठेवा, चित्राचं नंतर बघू."